तिसरी पिन

सोमवार, ८ जानेवारी २००१

दिनानाथने पंचांग काढलं. म्हणजे चर्चा संपली!

फ्रीज परवा, बुधवारी संध्याकाळी येणार. घरगुती नव्हे — हॉटेलात असतो तसला, चार दारांचा, स्टीलचा, माझ्याहून दीड फूट उंच. आणि माझ्या धाकट्या भावाचा निर्णय असा, की तो गुरुवारी सकाळी दहा चाळीसला चालू करायचा. गुरुपुष्य आहे. "पौष असला तरी गुरुपुष्याला दोष नसतो, ताई." जसं काही पौषाबद्दल तक्रार मी केली होती! मी एवढंच विचारलं, की फ्रीज बनवणाऱ्यांना हा मुहूर्त कळवला आहे का. पान उलटल्याचा आवाज.

कुसुम, त्याची बायको, भातावर फोडणी घालत होती. वास्तविक फ्रीज तिचा, ऑर्डर तिची, काळजीही तिचीच. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला रोज दुपारी दोनशे वाट्या दहीभात हवा आहे. तिथली मुलं म्हणे सामोसे खाऊन कंटाळली. येत्या सतरा तारखेला, बुधवारी, त्यांच्या बाई पाहणीला येणार. फ्रीजचं तापमान पाच अंश किंवा त्याखाली हवं, मागच्या पूर्ण चोवीस तासांच्या नोंदी हव्यात, वायरिंग सुरक्षित हवं. यातलं एक जरी कमी पडलं तरी ऑर्डर औंधच्या एका केटररला जाणार. तसं पत्रच आलं आहे. पत्रावर नाव कुसुमचं, खाली 'प्रोप्रायटर'. चोपन्नाव्या वर्षी! तिने ते आधी देव्हाऱ्यात ठेवलं, तेलाचा डाग पडला म्हणून काढून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. आता त्यावर पीठ आहे.

दिनानाथला तीन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कंपनीची. तेव्हापासून तो बारा वाजेपर्यंत पेपर वाचतो आणि बारानंतर पेपरावर रागावतो. मी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, सेफ्टीच्या ऑफिसात, एकतीस वर्षं काढली. या घरात मला कोणी काही विचारत नाही. म्हणून मी न विचारता सांगते.

मंगळवार, ९ जानेवारी

शोरूमला फोन केला — फ्रीजबरोबरची माहितीपुस्तिका आधी मिळेल का? तिकडचा इसम म्हणाला, बुकलेट मशीनच्या आत असतं मॅडम. म्हणजे खोकं कसं उघडायचं हे खोक्यात लिहिलेलं! वर म्हणतो, ते कोणी वाचत नाही.

बसने टिळक रोडला गेले. एकला पाच कमी. शटर अर्धं खाली. आत माणसं, पण दुकान बंद — जेवायची वेळ. मी उरलेल्या अर्ध्यातून आत गेले. वाकून. चौसष्टाव्या वर्षी. पुस्तिका घेतल्याशिवाय उठणार नाही म्हटल्यावर दोन मिनिटांत मिळाली. त्यांना भूक लागली होती.

अठ्ठावीस पानं, सगळी इंग्रजीत. सहकारनगरचा स्टॉप येईपर्यंत दोनदा वाचून झाली. शाळेत सिस्टर रोझालिन म्हणायच्या, प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला. चांगली सवय लावली बाईंनी, बाकी छळलं पुष्कळ. भिंतीपासून सहा इंच अंतर. खालची जमीन सपाट. स्वतंत्र वायर, स्वतंत्र बटण. एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही. आतून कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने पुसून घ्यायचा. काही तास रिकामाच चालवायचा, तापमानाचा काटा खाली आल्याशिवाय आत काही ठेवायचं नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?

रात्री चंद्रग्रहण आहे. दिनानाथने विरजणाच्या पातेल्यात तुळशीचं पान टाकलं. कुसुमने काढलं. त्याने परत टाकलं.

बुधवार, १० जानेवारी

पाच वाजता टेंपो आला. फ्रीज त्यात आडवा! आजाऱ्यासारखा, अंगावर गोधड्या. मी विचारलं, हा कोणता प्रकार? ड्रायव्हर म्हणाला, गल्लीगल्लीत केबलवाल्यांच्या वायरी लोंबतायत बाई, उभा आणला असता तर अर्ध्या पुण्याची सीरियल गेली असती. भोसरीच्या गोदामापासून आडवाच आणला. दोन तास.

सहा माणसांनी गॅरेजात उभा केला. या गॅरेजात गाडी कधी आली नाही. वडिलांनी बांधलं ते येईल या आशेने. भिंतीपासून सहा इंच मी स्वतः पट्टीने मोजलं. वर ताटलीत पाणी ठेवून पाहिलं, एका अंगाला जात होतं — खाली पाचर घातली. मग पान सहा वाचून दाखवलं. फ्रीज आडवा आणला असेल तर उभा करून चोवीस तास तसाच ठेवावा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. ते परत खाली बसू द्यावं. त्याआधी चालू केला तर कॉम्प्रेसर गेला.

दिनानाथ म्हणाला, उद्या दहा चाळीसला सतरा तास होतील, सतरा काय नि चोवीस काय. मग आवाज वाढले. "तुमच्या फॅक्टरीत मुहूर्त पाहत नसतील, ताई."

"नाही. तिथे नियम पाहायचे. म्हणून आज मी पेन्शन घेते आहे, माझ्या फोटोला हार नाही."

कुसुम फ्रीजच्या दाराला चिकटलेला कागद नखाने काढत होती. म्हणाली, "वन्सं, चोवीस तास थांबलं तर सतरा तारखेपर्यंत पुरेल ना वेळ?" पुरेल म्हटलं. तेवढ्यावर ती आत गेली. दिनानाथने मात्र हार आणि नारळ सांगून ठेवले आहेत. मी उद्या स्विचच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसणार. पाहू.

गुरुवार, ११ जानेवारी

बसायची गरजच नव्हती!

हार घातला. कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फ्रीजच्या पायावर फोडायचा होता, तो मी पायरीवर फोडायला लावला. शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. मी खुर्ची टाकली होतीच. दिनानाथ माझ्या खांद्यावरून हात लांबवून घड्याळाकडे पाहत उभा. मी म्हटलं, हात काढ. तो म्हणाला, एक मिनिट राहिलंय. दहा चाळीस झाले आणि त्याने माझ्या डोक्यावरून बटण दाबलंच.

काही नाही. पुन्हा दाबलं. नाही.

गुरुवार! पुण्यात दर गुरुवारी सकाळी नऊला वीज जाते, दुरुस्तीसाठी, ती पाचला येते. हे इथे जन्मलेल्या मांजरालाही माहीत आहे. या गृहस्थाने सगळ्या ग्रहांची चौकशी केली, वीज मंडळाची केली नाही. आणि कबूल करते, माझ्याही लक्षात आलं नाही. मुहूर्ताशी भांडण्यात इतकी गुंगले, की वार विसरले.

कुसुम हसली. आधी ती हसली, मग मी. मी हसायला नको होतं. दिनानाथने हार नीट केला, आत गेला, जेवायला आला नाही. शेजारणी खोबरं घेऊन गेल्या.

पाचला वीज आली. चोवीस तासही झाले. पण पुस्तिकेत म्हटलंय की आधी जाणकार वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या. मी म्हटलं, उद्या वायरमन आल्याशिवाय नाही. दिनानाथ आतल्या खोलीतून म्हणाला, मुहूर्त गेला, आता आज नाहीच. कित्येक वर्षांनी आमचं एकमत झालं.

शुक्रवार, १२ जानेवारी

लिहायला बसले आहे आणि लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

वायरमन वैजनाथ अकराला आला. परळीकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. मला बरा वाटला, कारण आल्या आल्या चप्पल काढली नाही. दिनानाथ म्हणाला, चप्पल बाहेर. तो म्हणाला, नाही साहेब, करंटाच्या कामाला रबर पायात लागतं. एका होल्डरमध्ये शंभरचा बल्ब, त्याला दोन वायरी — एवढीच त्याची हत्यारं. बोर्डाच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या तिसऱ्या भोकात घातली. बल्ब विझलेला. पुन्हा घातली. नाहीच.

"ताई, हे तिसरं भोक नुसतं शोभंला हाय. मागं वायरच नाही."

मग त्याने घरातले सगळे बोर्ड पाहिले. खालचे, वर माझ्या मजल्यावरचे. एकाही तिसऱ्या भोकामागे काही नाही. वीज कुठे गळली तर जमिनीत जायला वाट नाही. ती यंत्राच्या पत्र्यावर बसून राहणार आणि हात लावील त्याच्यातून जाणार. त्याने साध्या शब्दांत सांगितलं — हा स्टीलचा फ्रीज, खाली ओली फरशी, तुम्ही बायामाणसं अनवाणी. काल चालू झाला असता आणि आत कुठे वायर घासली असती, तर दार उघडणारी पहिली बाई चिकटली असती. पहिली बाई म्हणजे कुसुम.

हे घर सत्त्याहत्तर साली बांधलं. वडील आजारी होते. कंत्राटदाराच्या पाठीमागे मी होते. मी — सेफ्टीच्या ऑफिसातली! वर जाऊन तेव्हाची बांधकामाची वही काढली. सापडली, कारण माझं सगळं सापडतं. 'अर्थिंग — झाले.' पुढे बरोबरची खूण. सुबक. कंत्राटदाराने झालं म्हणून सांगितलं, मी खूण केली. कारखान्यात शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी, अंगातली वीज उतरवायला, पितळी पट्टीला हात लावल्याशिवाय मी मंत्र्यालाही आत सोडलं नसतं. आणि घरी चोवीस वर्षं तीन भोकं पाहून समाधान मानलं.

पण ते लिहायला जड जात नाहीये. जड पुढचं आहे.

वैजनाथने सहज म्हणून खालच्या स्वयंपाकघरातल्या नळाला टेस्टर लावला. त्यातला दिवा लागला! मंद, पण लागला. न्हाणीघरातल्या गिझरमधून वीज गळतेय, पाइप एकच. तो म्हणाला, बाई, हाताला मुंग्या येत नव्हत्या का कधी?

कुसुम म्हणाली, "येतात. गिझर चालू असला की येतात. मी वन्संना सांगितलं होतं."

सांगितलं होतं. एकदा नाही. मी म्हटलं होतं, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, डॉक्टरला दाखव. एकदा म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ आहेत, कारण तेव्हा तिचं माझ्या आईशी वाजलं होतं. मग ती सांगायची थांबली आणि स्वयंपाकघरात रबरी सपाता घालायला लागली. देवघर तिथे, आणि ही चपला घालून स्वयंपाक करते म्हणून आईने महिनाभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. मीही बोलले. शिकलेल्या बाईला हे शोभत नाही, वगैरे. ती ऐकून घेई आणि सपाता घाली. आजही घालते. मला वाटायचं, हट्टी आहे. ती जिवंत राहत होती.

वैजनाथसमोर काही बोलता येईना. तो गेल्यावर खाली गेले. कुसुम तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, माझं चुकलं. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यायचा ते विचारत होता तो. तुमच्या मोगऱ्यात घेऊ का?

घे म्हटलं.

शनिवार, १३ जानेवारी. भोगी.

मोगरा उपटला. ओल लागेपर्यंत खणायचं, सहा फूट तरी. वैजनाथने धोंडिबा नावाचा खणणारा आणला, पन्नाशीचा, पहारीएवढा बारीक. दोन फुटांवर मुरूम. धोंडिबाने पहार टेकवून आमच्याकडे असं पाहिलं, जणू मुरूम आम्हीच आत भरून ठेवला आहे.

आणि दिनानाथ उठला. पेपर घडी करून खुर्चीत ठेवला, पँट दुमडली आणि खड्ड्यात उतरला! तीन वर्षं ज्याने स्वतःचा कप उचलला नाही त्याने घमेली उचलली. मी म्हटलं, कंबर जाईल. तो म्हणाला, ताई, तू सरक, माती तुझ्या अंगावर येईल. दुपारी खड्ड्यातून फक्त त्याचं टक्कल दिसत होतं आणि धोंडिबाशी वाद चालू होता — गावाकडे विहिरी किती फुटांवर लागतात यावर. दोघांनाही माहीत नव्हतं.

मी रिक्षाने मार्केट यार्डात गेले. जाड मिठाची दोन पोती आणि लोणारी कोळसा. हमाल म्हणाला, आजी, एवढ्या मिठाचं लोणचं घालताय का? म्हटलं, घराला घालतेय.

भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. सगळे अंगणातच जेवलो, धोंडिबा आणि वैजनाथसकट. दिनानाथने चार भाकऱ्या खाल्ल्या. कुसुम पाहत होती. मला बरं वाटलं. इतकं घडून बरं वाटावं हे बरोबर नाही, पण वाटलं.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत.

खड्ड्यात पत्र्याची जाड प्लेट उभी, वर पाइप, भोवती ओल टिकवायला मीठ, कोळसा, पुन्हा मीठ. वरून आठ बादल्या पाणी. वैजनाथने पट्टी ओढून मेन बोर्डापर्यंत आणली. बल्ब तिसऱ्या भोकात. पेटला! लख्ख. सगळ्यांनी त्या बल्बकडे मूर्तीकडे पाहावं तसं पाहिलं.

तिळगूळ दिला सगळ्यांना. कुसुमने मला दिला आणि काही म्हटलं नाही. मीही नाही. गोड बोलायची सवय दोघींना नाही.

अजून फ्रीजची स्वतंत्र वायर, नवा गिझर, आणि वीज गळली की आपोआप तोडणारं एक बटण बाकी. ते उद्या.

सोमवार, १५ जानेवारी

आजच्या कामाचा दिवस कोणता, ते काल लक्षात आलं नव्हतं. आज किंक्रांत! वर्षातला करिदिन. आज कोणी नवं कापड फाडत नाही, प्रवासाला निघत नाही. वैजनाथचं काम अकराला संपलं. फ्रीज आतून कोमट पाणी-सोड्याने पुसून कोरडा. पिन नव्या सॉकेटमध्ये. सगळं तयार, आणि कुसुम बटणापाशी उभी. तिचा हात वर जाईना. मला म्हणायचं होतं, कसला करिदिन, दाब. पहिल्यांदाच जीभ आवरली. आजचा दिवस गेला तर सतराला चोवीस तासांच्या नोंदी होत नाहीत. हे तिला माहीत होतं. दिनानाथलाही.

तो सोप्यावरून उठून आला. नखांत अजून मुरूम. पंचांग हातात नव्हतं.

"दाब," तो म्हणाला. "मी खणलंय. मला माहीत आहे खाली काय आहे ते."

तिने दाबलं. स्टॅबिलायझरचा पिवळा दिवा लागला आणि फ्रीज गप्प! कुसुमने माझ्याकडे पाहिलं. पान अकरा, मी म्हटलं, तीन मिनिटं थांबतो तो. वीज स्थिर आहे का पाहतो. तीन मिनिटं चौघं उभे. वैजनाथने डोळे मिटले होते. देवाला की कंटाळून, कळलं नाही. मग 'टक्' झालं आणि आतून घुर्र सुरू झालं. कुसुमने स्टीलच्या दाराला तळहात लावला. अनवाणी होती. सपाता दाराबाहेर काढून आली होती — माझ्या लक्षात तेव्हा आलं.

बाहेर एवढा गारठा, की शाल काढवत नाही, आणि आम्ही थंड करायच्या यंत्राभोवती आनंदाने उभे!

मंगळवार, १६ जानेवारी

अपमान. पण सविस्तर लिहिते, कारण दोष कुणाचा हे कागदावर असलेलं बरं.

सकाळी नऊला काटा नऊवर. नऊ अंश! संध्याकाळपर्यंत पाचाखाली येऊन नोंदी सुरू झाल्या नाहीत तर सगळं गेलं. पाहणी उद्या पाचला. मी शोरूमला फोन लावला. काय विकता, कुणाला विकता, यंत्र आहे की कपाट — दहा मिनिटं सांगितलं. तिकडचा माणूस मेकॅनिक पाठवतो म्हणाला, परवा. परवा! दिनानाथ मधेच हळूच म्हणाला, वहीत चार लिहून टाकलं तर कोणाला कळणार आहे. मी त्याच्याकडे वळले, तेवढ्यात कुसुम आली आणि माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. फोनमध्ये म्हणाली, "मशीन ठीक आहे. कोणी यायची गरज नाही." आणि ठेवला! मग नवऱ्याला म्हणाली, वहीला हात लावायचा नाही. मग मला —

"वन्सं, फ्रीज बिघडलेला नाही. पहाटेपासून तुम्ही एकतीस वेळा दार उघडून काटा पाहिलात. मी मोजलंय. गार होणार कसा तो?"

मी म्हटलं, तपासणी नको का करायला. नियम आहे.

"पान चौदा," ती म्हणाली. "तुम्हीच वाचून दाखवलंत. दार विनाकारण उघडू नये. आता तुम्ही वर जा. मी बोलावल्याशिवाय गॅरेजात यायचं नाही."

सव्वीस वर्षांत या मुलीने माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. तेच लागलं. वर आले. खिडकीशी बसले. मोगऱ्याच्या जागी सिमेंटचं झाकण दिसतं. बाई स्वतःला समजते कोण? दोनशे वाट्या दहीभात म्हणजे काय मोठी फॅक्टरी?

दुपारी दोनला दिनानाथ जिना चढून आला. धापा टाकत. म्हणाला, "चार." एवढंच सांगायला आला होता. जाताना म्हणाला, तिने सांगितलं ताईंना सांगून या.

दुपारी चार वाजता तिने पहिली नोंद केली, मग दर दोन तासांनी.

बुधवार, १७ जानेवारी

मला पावणेपाचला बोलावलं. साडी बदलून गेले.

कंपनीची प्रियदर्शनी — सव्वीस-सत्तावीसची, नागपूरकडची, पायात पळायचे बूट, हातात मोबाइल. मी ठरवलं होतं की न आवडून घ्यायची. तिने आधी प्लग पाहिला, मग फ्रीजच्या मागे हात घालून अंतर पाहिलं, मग बाहेर जाऊन सिमेंटचं झाकण उचलून पाहिलं. मनात म्हटलं, ही चांगली आहे. वही पाहिली. तेरा नोंदी. बारा ठिकाणी चार, एका ठिकाणी पाच — पहाटे, कुसुमने विरजणाची पातेली आत ठेवली तेव्हा. कारणही लिहिलेलं, कुसुमच्या अक्षरात.

"छान करून राहिल्या तुम्ही," ती म्हणाली. "सेफ्टीचं कोण बघतं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी पदर सारखा केला.

"मी," कुसुम म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग तिने सांगायला सुरुवात केली — चोवीस तास का थांबायचं, तेल कुठे जातं, तिसरी पिन कशाला, वीज जाऊन आली की तीन मिनिटं का. एकही चूक नाही. मी चूक शोधत होते. सापडेना! प्रियदर्शनीने दोन वाट्या दहीभात खाल्ला, आईची आठवण आली म्हणाली, दोन-तीन दिवसांत कळवते म्हणाली. औंधचं अजून पाहायचं आहे म्हणे.

ती गेल्यावर कुसुमने पदर खोचला. पातेली घासायला बसली. मी शेजारी बसून विसळली. नळाला मुंग्या नाहीत.

गुरुवार, १८ जानेवारी

नऊला वीज गेली. दिवसभर फ्रीजचं दार कोणी उघडलं नाही. मी तर नाहीच.

शुक्रवार, १९ जानेवारी

फोन नाही. कुसुमने दोनदा रिसीव्हर उचलून टोन आहे का पाहिलं. दिनानाथने चौकशी करू का विचारलं. नको म्हणाली. त्याने पेपर उघडला आणि उलटा धरला.

औंधचा केटरर म्हणे मोठा आहे. असेल. त्याच्या तिसऱ्या भोकामागे काय आहे ते कोणी पाहिलंय?

बुधवार, २४ जानेवारी

सकाळी सहाला गॅरेजचं दार वाजवलं. आत दोनशे वाट्या मांडलेल्या, झाकणं लावायची बाकी, टेंपो दहाला.

"हात धुऊन आलात का, वन्सं?"

धुतले होते. जाऊन परत धुतले.